एक दिवस, एक तळं : खुलताबादच्या वरचा परियों का तालाब (आणि आपल्याकडची डोंगरातली तळी)

मृगाचा_पाऊस (जालना)

वेरूळ, दौलताबाद, भद्रा मारुती, पाणचक्की, मकबरा असं सगळं एका दिवसात उरकून रात्री पुन्हा घरी, हा आपल्या मराठवाड्यातला ठरलेला कार्यक्रम आहे, मग शाळेची सहल असो का पुण्याचे पाहुणे आलेले असोत. माझं म्हणणं एवढंच आहे की एकदा हे सगळं बाजूला ठेवा आणि खुलताबादहून सुलीभंजनकडं जाताना जे तळं लागतं ना, त्याला अख्खा दिवस द्या. एकटे गेलात तर अजून चांगलं. जरा लांबलंय, पण वाचा.

आश्विनात गेले होते, पाऊस नुकताच सरलेला. ह्या तळ्यासाठी हीच वेळ खरी, कारण पाणी काठोकाठ असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली असते. जालन्याहून अंधारातच गाडी काढली, समृद्धीनं न जाता जुन्या रोडनं, बदनापूर, करमाड, शेंद्रा. एकटीनं गाडी चालवताना मला गावं लागणारा रस्ताच बरा वाटतो, चहाला थांबता येतं, हवा बघायला पंप असतो. संभाजीनगर जागं व्हायच्या आत ओलांडलं, मिटमिटा, शरणापूर फाटा, देवगिरी उजाडताना दिसला आणि मग घाट. वर कागजीपुरा लागतो, हातकागद बनवायचं जुनं गाव. खुलताबादला बायका सिताफळाच्या पाट्या घेऊन बसायच्याच होत्या, त्यांच्याकडून अर्धी पाटी घेतली, डोळे उघडलेली वेगळी आणि कडक वेगळी, त्यांनीच निवडून दिली.

आता तळं. आकारानं फार मोठं नाही, आधीच सांगते, म्हणजे कुणी जायकवाडीचा नाथसागर डोक्यात ठेवून जाऊ नका. पण डोंगराच्या कुशीत आहे आणि तीच त्याची सगळी मजा आहे. आपण मराठवाड्यातली माणसं पाणी बघतो ते सपाटीवर बघतो, धरणाचं, लांबलचक, पलीकडचा काठ न दिसणारं. इथं चारी बाजूंनी उतार खाली येतात आणि मधे पाणी, त्यामुळं सकाळी ऊन आधी पलीकडच्या उतारावर पडतं, मग हळूहळू खाली सरकत पाण्यापर्यंत येतं, आणि तेवढा वेळ पाणी काळंभोर असतं. मी बांधाच्या बाजूला एक बऱ्यापैकी सपाट दगड बघून बसले आणि ऊन पाण्यात उतरेपर्यंत हललेच नाही.

ऊन आल्यावर टिबुकल्या दिसायला लागल्या. आधी वाटलं बदकाची पिल्लं आहेत, कारण एवढासा जीव. पाण्यावर असते असते आणि एकदम गायब, साधा बुडबुडापण नाही, आणि मग भलतीकडंच वर येते. एका जोडीचं घरटं गवतात होतं, म्हणजे पाण्यावरच तरंगणारं, शेवाळ आणि कुजलेल्या काड्यांचा ढीग म्हणा ना. मादी उठून जायच्या आधी चोचीनं ओलं शेवाळ उचलून अंड्यांवर टाकत होती, इकडून एक, तिकडून एक, पुरतं झाकेपर्यंत, आणि मगच पाण्यात उतरली. नंतर तुम्ही बघितलं तर तिथं अंडी आहेत हे सांगूनही खरं वाटणार नाही. दुर्बीण नसती तर मलाही कळलं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा जाईन.

नऊ-साडेनऊला म्हशी आल्या आणि मागं एक आजोबा, डोक्याला टापर, हातात काठी. आधी लांबूनच विचारलं, "बाई, गाडी बंद पडली का?" म्हणलं नाही बाबा, बसायलेय नुसती. त्यांना ते पटलं नाही बहुतेक, कारण थोड्या वेळानं जवळ येऊन पुन्हा विचारलं, "एकल्याच आलाव?" हो म्हणलं. मग सिताफळं दिली त्यांना दोन, ते बसले, आणि तळ्याची जी माहिती मला मिळाली ती कुठल्या बोर्डावर नाही. पाण्यात अर्धा बुडालेला एक काळा दगड दाखवला. म्हणे पोळ्याच्या आत पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं तर खालच्या विहिरी होळीपर्यंत ओढ देत नाहीत, आणि दगड उघडा राहिला तर संक्रांतीलाच दोर लांब करावा लागतो. पावसाचा हिशोब ते ह्या दगडावर करतात, गाळ कुठं साठलाय तेही त्यांना माहीत, कुठल्या बाजूनं जनावर घालायचं नाही तेपण. पाण्यात उतरू नका हे त्यांनी मला दोनदा बजावलं. वरून काठ उथळ दिसतो पण गाळात पाय रुतला की निघत नाही, आणि पोहणाऱ्यालाच जास्त धोका कारण तो बिनधास्त आत जातो. हे इथं मुद्दाम लिहितेय, रीलसाठी कुणी उतरत असेल तर त्याला थांबवा.

काठाच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा आहेत, पांढरट, एकाखाली एक. एवढ्या वर्षांत पाणी कुठं कुठं थांबलं ते त्यांत दिसतं. अगदी खालची रेघ पाण्याच्या जेमतेम वर होती, त्यावर्षी तळ्यात काय उरलं असेल कुणास ठाऊक.

दुपारी ऊन तापलं तेव्हा सुलीभंजनला दत्त मंदिरात गेले. एकनाथ महाराजांनी तपश्चर्या केली ती ही जागा. जनार्दनस्वामी देवगिरीवर किल्लेदार, आणि नाथ पैठणहून गुरूच्या शोधात तिथं आले, मग स्वामींनी त्यांना ह्या डोंगरावर पाठवलं. पैठण मी अनेकदा केलंय, षष्ठीलापण गेलेय, पण नाथ म्हणलं की आपल्याला गोदावरीचा घाट आठवतो, हा डोंगर कुणी सांगत नाही. देवळाजवळ एक मोठा दगड आहे, छोट्या दगडानं ठोकला की भांड्यासारखा वाजतो. लोक येऊन वाजवतात आणि निघून जातात. मी धपाटे आणि दही तिथंच सावलीत खाल्लं, वारा एवढा होता की डब्याचं झाकण उडालं.

परत तळ्यावर. म्हैसमाळ तिथून जवळच आहे, खुलताबादहून १२ किलोमीटर, आणि सगळे म्हणतात एवढ्या लांब आलात तर तेही करा. नाही केलं. संध्याकाळची तळ्याची बाजू पूर्ण वेगळी असते, सकाळी जो उतार उजळला होता तो आता सावलीत जातो आणि जिथं मी बसले होते तो दगड तापलेला. म्हशी परतीला लागल्या, ढोकरी येऊन बसली, दर्ग्याकडून अजान ऐकू आली. जलालुद्दीन गंजरवान यांचा दर्गा तळ्याच्या जवळच आहे, ह्या भागातले सगळ्यात आधीचे सूफी तेच असं मानतात. दिवस मावळायच्या आत घाट उतरायचा असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं.

आता तुम्ही सांगा. आपल्या आठ जिल्ह्यांत अशी डोंगरातली, उंचावरची तळी अजून कुठं आहेत? धरणं नको, ती माहीत आहेत.

---

कापूसकोंड्या_परभणी

ताई छान लिहिलंय पण मनापासून सांगतो, परभणीहून यायचं म्हणजे जाऊन येऊन दिवस जातो, एवढ्या डिझेलमध्ये माणूस वेरूळ, घृष्णेश्वर, देवगिरी करणारच ना. आमच्याकडून वर्षातून एखाद्यावेळी तिकडं येणं होतं, घरचे सोबत असतात, त्यांना एका तळ्यावर दिवसभर बसा म्हणलं तर कसं जमणार.

मृगाचा_पाऊस

घरचे सोबत असतील तर वेरूळच करा, त्यात प्रश्नच नाही, फक्त मंगळवार सोडून जा कारण मंगळवारी लेणी बंद असतात, आपल्याकडची कितीतरी माणसं तिकडं जाऊन परत आलीत. मी म्हणतेय ते एकट्याच्या ट्रिपचं. एकटं असल्यावर कुणाला भूक लागलेली नसते, कुणाला कंटाळा येत नाही, हेच तर सगळ्यात मोठं सुख आहे. आणि चार ठिकाणं केली की मला घरी आल्यावर पार्किंग आठवतं.

टिटवी (नांदेड)

टिबुकलीचं अंडी झाकणं तुम्ही एवढ्या जवळून बघितलं, नशीबवान आहात! ओलं शेवाळ टाकल्यानं अंडी लपतात, आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊबही राहते. पिल्लं निघाल्यावर आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात, पंखातून नुसती मुंडकी बाहेर. घरट्याकडं पाण्यातून किंवा गवतातून जवळ जाऊ नये एवढी विनंती, लांबूनच बघा. पक्षी उठून गेला आणि झाकायला वेळ मिळाला नाही तर कावळा टपलेलाच असतो.

थंडीत पुन्हा जा. जायकवाडीला पट्टकदंब आणि रोहित (फ्लेमिंगो) येतात ते सगळ्यांना माहितीये, पण अशा छोट्या तळ्यांवर वारकरी, हळदीकुंकू बदकं, धोबी, शेकाट्या असे पक्षी आरामात दिसतात आणि काठ जवळ असल्यामुळं दुर्बिणीशिवायसुद्धा मजा येते. मी तर म्हणेन नवीन माणसानं पक्षी बघायला धरणावर जाऊच नये, सगळे ठिपके दिसतात, छोट्या तळ्यापासून सुरुवात करावी.

सातमाळा

मी इथल्याच तालुक्यातला आहे. वाचून आनंद झाला आणि काळजीपण वाटली. तुमच्यासारखं येऊन बसणारे थोडे. पावसाळ्यातल्या रविवारी येऊन बघा, पत्रावळ्या, ग्लास, बाटल्या, काचा. त्या काचा म्हशीच्या खुरात जातात, ते तुम्हाला भेटलेले बाबाच काढत बसतात. ठिकाणाचं नाव टाकून लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कृपया राग मानू नका.

मृगाचा_पाऊस

राग कशाचा, बरोबर बोलताय. मी लिहिताना ह्याचा विचार केला होता. नाव दडवलं तरी रील बनवणारे टाकतातच, आणि ते गाळाबद्दल, म्हशींबद्दल, खालच्या विहिरींबद्दल सांगत नाहीत. ज्याला हे पाणी कुणाच्या पिण्याचं आहे हे कळलंय तो बाटली फेकताना निदान थांबेल असं मला वाटतं. पण काचांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. तिकडं कुणी साफसफाई करत असेल तर सांगा, मी येते, गाडीत पोती टाकून आणते.

सातमाळा

काही पोरं करतात दिवाळीच्या आधी. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

गुरुजी_कन्नड

काळ्या दगडाचा हिशोब वाचून मन भरून आलं. आमच्या गावी असाच आंब्याचा बुंधा होता, पाणी बुंध्याला लागलं की वडील म्हणायचे गहू पेरा.

नव्या पिढीला सांगायला हवं म्हणून लिहितो. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात गावोगाव पाझर तलावांची कामं निघाली. दुष्काळी कामांवर माणसं दगड फोडत होती, आयाबाया डोक्यावर माती वाहत होत्या, मी तेव्हा शाळेत होतो आणि आई कामावर जायची. बांध घातला, पाणी अडलं, ते मुरुमातून खाली पाझरलं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरलं, एवढा साधा हिशोब. पाझर तलावातलं पाणी आटलं म्हणून लोक ओरडतात, पण ते आटलं म्हणजे वाया गेलं असं नाही, बरंचसं जमिनीत गेलेलं असतं, त्यासाठीच तो बांधलाय. खरी अडचण गाळाची. तळाला बारीक गाळ बसला की पाझर बंद होतो, मग पाणी वर दिसतं पण विहीर कोरडी. २०१७ ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःचे ट्रॅक्टर लावून गाळ नेला, शेतालाही फायदा आणि तळ्यालाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे विसरून चालणार नाही. डोंगरातलं प्रत्येक तळं आपल्यासाठी मोलाचं आहे, मग ते जुनं असो का ७२ चं.

दगडधोंडे (लातूर)

गुरुजींना +१. भूगर्भाच्या अंगानं थोडं लिहितो, हाच विषय शिकायलोय.

हा सगळा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा असतो. काही अखंड टणक, त्यातून पाणी जात नाही, तोच दगड वेरूळला कोरलाय. काही भोकाभोकांचे, त्यात पांढऱ्या गारा सापडतात, ते झिजले की मुरूम होतो आणि त्यात पाणी मुरतं. दोन थरांच्या मधे कधीकधी लाल मातीचा पट्टा दिसतो, घाटात रस्ता कापलाय तिथं गाडी बाजूला घेऊन बघा. वरून मुरलेलं पाणी टणक थरापर्यंत जातं आणि मग आडवं सरकत उताराला कुठंतरी झरा होऊन निघतं. त्यामुळं वरचं तळं आणि खालची विहीर ह्यांचं नातं आजोबा म्हणतात तसं असणं अगदी शक्य आहे.

आणि जुन्या माणसांना हे कळत होतं हो. पाणचक्कीचं पाणी डोंगरातल्या उगमावरून मातीच्या नळांतून आणलंय, मोटार नाही काही नाही, नुसत्या उतारावर. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्यानं खडकीला, म्हणजे आत्ताच्या संभाजीनगरला, नहर केली तीही तशीच. त्याची कबर खुलताबादलाच आहे, १६२६ ला गेला तो. लोक औरंगजेबाची कबर विचारत येतात आणि ज्यानं ह्या शहराला पाणी दिलं त्याच्याकडं कुणी फिरकत नाही, हे मला फार लागतं. देवगिरीच्या पायथ्याचा मोमबत्ता तलाव आणि किल्ल्यातला हत्ती हौद पण बघा, पाण्याशिवाय तो किल्ला टिकलाच नसता.

मृगाचा_पाऊस

लाल पट्टा मी बघितलाय घाटात! मला वाटलं रस्त्याचं काम करताना टाकलेली माती आहे. आता पुढच्या वेळी थांबून बघणार, आणि मलिक अंबरच्या कबरीवरही जाणार.

नवी_लायसनवाली (हिंगोली)

ताई मला एक विचारायचंय, घरी परवानगी कशी मिळाली आणि एकटीला भीती नाही वाटली का? मी गाडी शिकले पण हिंगोली ते औंढा ह्याच्या पलीकडं गेले नाहीये.

मृगाचा_पाऊस

औंढ्यापर्यंत एकटी जातेस ना, मग झालं की, पुढचा रस्तापण रस्ताच असतो. घरी मी कुठं थांबणार, किती वाजता निघणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावते, आणि तिथं पोचल्यावर फोन. डोंगरात रेंज जाते म्हणून घाट चढायच्या आधीच एक कॉल करून टाकायचा, नाहीतर घरचे उगाच घाबरतात. टाकी शहरातच फुल करायची. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडं करून लावायची, म्हणजे निघावं वाटलं की निघता येतं. तळ्यावर कुणी पार्टी करत बसलेलं दिसलं तर मी खाली उतरतच नाही, सरळ देवळाकडं जाते, तिथं माणसं असतात. आणि आपण होऊन म्हशीवाल्यांशी, सरपण नेणाऱ्या बायकांशी बोलायचं, कोण आहेस कुठली आहेस हे त्यांना सांगायचं. एकदा त्यांना माहीत झालं की दिवसभर त्यांचं लक्ष असतं आपल्यावर, बाबा संध्याकाळी जाताना म्हणाले, "आता निघा, दिस कलला."

भीती वाटते ती पहिल्यांदा घाटात, ट्रकच्या मागं. ती तिथंच वाटते, नंतर नाही.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई)

धागा आवडला, आता मूळ प्रश्नाकडं येऊ. आमच्या बाजूचे सांगतो.

कंधार. नांदेड जिल्हा. राष्ट्रकूटांच्या काळातलं जगत्तुंग समुद्र नावाचं तळं आहे, हजार वर्षांपूर्वीची माणसं त्याला समुद्र म्हणत होती ह्यावरून काय ते समजा. किल्ल्याचा खंदकपण पाण्यानं भरलेला असतो. डोंगरातलं नाही म्हणता येणार, पण दिवस द्यावा असं नक्कीच आहे.

नळदुर्ग सगळ्यांना ठाऊक आहे, बोरी नदी अडवून किल्ल्यातच बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. वरून पाणी पडत असतं आणि आपण आत कोरडे उभे राहतो. फक्त नर-मादी धबधबा सुरू झाल्यावर गर्दी बेकार, मधल्या वारी जा.

बीडजवळ बिंदुसरा, पाली गावापाशी, चारी बाजूंनी बालाघाटाचे डोंगर. धरणच आहे ते, तुम्ही नको म्हणलात, पण कपिलधारला जाताना वाटेत थांबून बघा आणि मग ठरवा.

माहूरचा गड आहेच, वर तळं आहे, लोक रेणुकामातेचं दर्शन घेऊन दत्तशिखराकडं पळतात आणि तळ्याकडं कुणी वळत नाही. लोणार म्हणाल तर ते बुलढाण्यात, आपल्यात नाही, पण जालन्याहून तुम्हाला जवळ आहे. ते उल्कापातानं झालेलं, बेसॉल्टमधलं विवर, साधारण १.८ किलोमीटर रुंद, पाणी खारट. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) नाव गेलं. एका तळ्याला एक दिवस हे तुमचं म्हणणं तिथं तर शंभर टक्के लागू, काठावरून फोटो काढून परत फिरणाऱ्यांना कमळजादेवीचं देऊळ दिसतच नाही, खाली उतरावं लागतं.

मृगाचा_पाऊस

माहूरचं तळं माहीतच नव्हतं! देवीला दोनदा जाऊन आलेय आणि कुणी बोललं नाही. गडावर गाडी जाते का तळ्यापर्यंत, का चालावं लागतं? आणि पाणी कधी चांगलं असतं?

बालाघाटचा_वारा

गाडी देवीच्या पायऱ्यांजवळ लावायची आणि किल्ल्याकडं चालत जायचं, बूट घाला, गवत वाढलेलं असतं. नवरात्र टाळा, त्या दिवसांत माहूरला गाडी लावायलासुद्धा जागा नसते. कोजागिरी झाली की जा.

टिटवी (नांदेड)

कोजागिरीनंतर जाणार असाल तर सांगा, नांदेडहून मी पण निघते माझ्या गाडीनं. तुम्ही तुमच्या दगडावर, मी माझ्या, बोलायचं नाही काही. धपाटे मात्र जास्तीचे आणा.